अनुराधापूरच्या वाटेवर पिंपळडोह

साकोलीहून लाखांदूरला जाणारी सकाळची पहिली गाडी मी पकडली, तेव्हा माझ्या मांडीवर एक निळी फाइल होती आणि त्या फाइलीत तीन देश होते. श्रीलंका, थायलंड आणि कंबोडिया. परदेशप्रवास लिहिणारी माणसं विमानतळापासून सुरुवात करतात. माझी सुरुवात साकोलीच्या बसस्थानकावर झाली आणि त्या दिवशी मला पोचायचं होतं गोसीखुर्द धरणाजवळच्या एका पुनर्वसित गावात. विमानाला अजून महिना होता. ते आम्हाला घेऊन उडणार की नाही, हे त्या गावात ठरायचं होतं.

थोडं मागचं सांगते. मी एकतीस वर्षं साकोलीत इतिहास शिकवला. अनुराधापूर, अयुथ्या आणि अंगकोर या तीन नगरांना मिळून आमच्या पुस्तकात दीड ओळ होती. ती दीड ओळ मी दीड तास शिकवायचे. स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे फारशी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता ही तिन्ही शहरं डोळ्यांनी पाहायची, आणि एकटीनं नाही, आपल्या माणसांना घेऊन पाहायची. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा बरेचसे तलाव तिकडे गेले, तरी आमच्या वाट्याला आले ते काही कमी नाहीत. अनुराधापूरच्या राजांनी दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावांवर आजही धान पिकतो. धान पिकवणाऱ्यांची ती शहरं धान पिकवणाऱ्यांनीच पाहायला हवीत, असं माझ्या डोक्यात बसलं. माझ्या डोक्यात एकदा बसलेलं उठत नाही, हे साकोलीच्या दोन पिढ्यांना चांगलं ठाऊक आहे.

नागपूरच्या सहल कंपनीची अट एकच होती. वीस माणसं जमली तर आमची स्वतंत्र सहल निघेल, सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक मिळेल आणि कुठे किती वेळ थांबायचं ते आम्ही ठरवू. वीस नसतील तर त्यांच्या मोठ्या गटात सामील व्हायचं, म्हणजे अंगकोरला दोन तास आणि खरेदीला पाच. मी वीस जमवली. सोळा जणांचे पासपोर्ट तयार होते. राहिलेले चौघे त्या पुनर्वसित गावातले, पिंपळडोहचे. त्यांचे अर्ज गेले होते, आणि सोमवारपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट नंबर कंपनीला द्यायचे होते. शुक्रवारी दुपारी कळलं की चौघांचीही पोलीस पडताळणी फसली. शेरा एकच: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत. माझा पारा असा चढला की शनिवारी उजाडताच मी गाडीत होते.

वाटेत मी फाइल उघडून नकाशा पसरला. कंडक्टर तिकिटासाठी आला आणि वाकून पाहू लागला.

“हे कोनतं गाव, मॅडम?”

“अनुराधापूर.”

“लाखांदूर तालुक्यात?”

“श्रीलंकेत.”

त्यानं क्षणभर विचार केला. “मंग तुमाले लाखांदूरचंच देतो,” असं म्हणून तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि पुढे गेला. माझ्या रागाला पहिलं छिद्र तिथं पडलं.

लाखांदूरला गाडी बदलून चौरासात (वैनगंगेकाठचा सपाट, सुपीक धानपट्टा) शिरलं की खिडकीबाहेर बांध्याच बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) दिसू लागतात. हलका (लवकर येणारा) धान पिवळा पडत आला होता, भारी (उशिरा येणारा) धान अजून हिरवागार होता. बांधांवर तुरी उभ्या होत्या. मी हे सगळं पाहत होते, पण पाहून काही शिकत नव्हते, हे मला संध्याकाळी कळायचं होतं.

आसगावला विमलताई फाट्यावरच उभ्या होत्या. विमलताई म्हणजे निवृत्त नर्स. धरणाचं पाणी चढण्याआधी पिंपळडोहच्या दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली, म्हणून तिथल्या चौघांना सहलीत त्यांनीच आणलं होतं. त्यांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं एक जुनं चित्र आहे, कुठल्याशा कॅलेंडरचं कापलेलं. त्या झाडाखाली पाच मिनिटं बसायला मिळालं की झालं, बाकीचे दोन देश फुकट, असं त्या म्हणतात.

“आधी जेवा, मंग भांडाले जाऊ,” त्या म्हणाल्या.

“मला भूक नाही.”

“रागाले भूक लागते, मॅडम. बसा.”

भात, लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि वरून भरपूर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडली शोधू नये) घातलेली वांग्याची भाजी. मी दोनदा भात घेतला. विमलताई वाढता वाढता म्हणाल्या, “मॅडम, तुमाले एक सांगाचं होतं. तारखेचं...”

“तारखेचं नंतर. आधी माणसं,” मी म्हटलं. त्या गप्प बसल्या. माझ्यापुढे माणसं अशी गप्प बसतात आणि मला ते आजवर मान दिल्यासारखं वाटत आलेलं आहे.

पवनीपर्यंत बस आणि पुढे ऑटो. पवनी माझं माहेर. एरवी भावाच्या घरी मागावर चाललेलं लुगडं पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, पण त्या दिवशी ऑटोतूनच घराकडे हात केला. पुढे धरणाच्या बाजूला वळलो तशी वस्ती विरळ झाली आणि मग एकदम सरळ रेषेत आखलेले रस्ते आले. सारख्या मापाचे प्लॉट, त्यांवर नंबर, मधोमध पाण्याची टाकी. गाव आपोआप वाढलं की गल्ल्या वाकड्या होतात. इथं पट्टीनं रेघ मारावी तसे रस्ते होते.

गोमाजी अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचे, काटक, पांढऱ्या मिशांचे. अर्धं आयुष्य धानाची शेती केली, शेती पाण्यात गेल्यावर त्याच पाण्यात मासे धरू लागले. त्यांची बायको अनुसयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सहलीतले उरलेले दोघे म्हणजे गोमाजींचा धाकटा भाऊ आणि भावजय, ते पवनीच्या बाजारात गेले होते.

मी पाणी प्यायले आणि सुरुवात केली. “गोमाजी, अर्जात पत्ता कोणता लिहून दिला?”

“आपल्या गावचा.”

“म्हणजे इथला?”

“इथला कायले? हे तं पुनर्वसन हाये. गाव पिंपळडोह.”

“पोलीस आला होता ना चौकशीला?”

उत्तर अनुसयाबाईनं दिलं. “इथं नाई आला, माय. तो तिकडं पान्याकडं गेल्ता. माहा देर (दीर) तिथं डोंग्यात (लहान होडीत) होता. त्याले पुसलं, पिंपळडोह कुठं हाये. त्यानं पान्यात हात दाखवला. पोलीस बिचारा लय वेळ पाहात उभा होता म्हने.”

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र हसू आलं नाही. “इतकी वर्षं तुम्ही इथं राहता, लाइट बिल इथं येतं आणि पत्ता पाण्यातला देता? सोळा माणसं तुमच्यासाठी अडली आहेत! अर्ज भरताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“मॅडम,” विमलताई हळूच म्हणाल्या, “अर्ज तपासले कोनी होते?”

अर्ज मीच तपासले होते. लाल पेन घेऊन, एकेका नावाचं इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करून. पत्त्याच्या रकान्यात पिंपळडोह लिहिलेलं मी वाचलं होतं आणि बरोबर अशी खूण केली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी आवाज खाली आणला. “बरं, झालं ते झालं. आता इथला पत्ता लिहू, पुन्हा पडताळणी मागू. सरळ काम आहे.”

गोमाजींनी जाळं बाजूला ठेवलं. “मंग मले नाई जाचं.”

“काहून?” माझ्या तोंडून निघालं. रागात माझीही भाषा माहेरची होते.

“चाला, दाखवतो,” ते म्हणाले आणि उठले.

पाणी वस्तीपासून फार दूर नाही. पायवाट बेशरमीच्या झुडपांतून उतरते आणि संपते ती थेट पाण्यात, कारण पूर्वी ती पुढे जात होती. समोर पसरलेलं पाणी खरं तर सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? सहलीच्या माहितीपत्रकात छापावं असं. मधेच वाळलेल्या झाडांचे काळे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

गोमाजी हात करून सांगू लागले. “ते झाड दिसते ना, ते चिचेचं. त्याच्या उजव्या अंगाले शाळा. मी चवथीवरी तिथंच शिकलो. इकडं सिस्टरचा दवाखाना.”

“माह्या दवाखान्याच्या पायऱ्या नवीन बांधल्या होत्या,” विमलताई म्हणाल्या.

“मॅडम,” गोमाजी माझ्याकडे न पाहता बोलत राहिले, “आधार कार्डावर नाव बदललं. राशन कार्डावर बदललं. मतदानाच्या कार्डावर तेवढं राह्यलं होतं, तेबी आता बदलून राह्यले. माह्या नातवाले गाव पुसलं तं तो पुनर्वसन सांगते. त्याचा काय दोष? त्यानं पाहिलंच नाई. हे पासपोर्टाचं बुक मोठं असते म्हनता, दुसऱ्या देशात दाखवा लागते. मी म्हटलं, त्याच्यावर तरी आपल्या गावाचं नाव राहू दे. मले समजत होतं मी कुठं रायतो ते.”

म्हणजे ती चूक नव्हतीच. ज्याला मी अडाणीपणा समजून सकाळपासून धुमसत होते, तो त्या माणसाचा हट्ट होता, आणि हट्ट कुठं धरायचा हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला फार लाज वाटली. एकतीस वर्षं मी मुलांना सांगितलं की अमुक राजानं अमुक तलाव बांधला. तो बांधताना तिथून कोण उठलं आणि कुठं गेलं, हे एकाही वर्गात माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तसं मी गोमाजींना बोलूनही दाखवलं.

“तिथं गेल्यावर पुसू ना त्यांच्या गाइडले,” गोमाजी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. जायचं नाही असं नुकतंच सांगून बसल्याचं त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांना जायचं होतं, फार जायचं होतं. फक्त गावाला मागे ठेवून जायचं नव्हतं.

घरी परतलो तर अनुसयाबाईनं मासोळीचा रस्सा उकळत ठेवला होता. कडक, लाल, ताज्या माशांचा. तो निवेपर्यंत मी फाइल काढून गोमाजींच्या अर्जाची प्रत पुन्हा वाचायला घेतली, या वेळी लाल पेन न घेता. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान. जन्मस्थानाच्या रकान्यात कॉम्प्युटरवाल्यानं ‘भंडारा’ ठोकून दिलं होतं. चौघांच्याही अर्जांत. ज्याला गाव टाइप करायचा कंटाळा येतो तो जिल्हा टाइप करतो.

मी पर्समधून माझा स्वतःचा, कोरा करकरीत पासपोर्ट काढला आणि उघडला. पत्ता कुठे होता? अगदी शेवटच्या पानावर. आणि जन्मस्थान? पुढच्या पानावर, फोटोच्या शेजारी. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

“गोमाजी, जन्म कुठला तुमचा?”

“कुठला म्हंजे? पिंपळडोहचा.”

“पुरावा?”

अनुसयाबाई आत गेली आणि पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. पिवळा, घड्यांवर विरलेला. जन्मस्थान: मौजा पिंपळडोह. शाईचं अक्षर अजून काळं होतं.

मी त्यांना पासपोर्टची दोन्ही पानं दाखवली. “पत्ता इथं मागं असतो. माणूस घर बदलतो, पत्ता बदलतो. जन्मगाव कुणालाच बदलता येत नाही. आणि ते पुढं असतं, तुमच्या फोटोजवळ. पत्ता पुनर्वसनचा लिहू, जन्मगाव पिंपळडोह लिहू. पोलीसही खूश, तुम्हीही खूश.”

गोमाजींनी माझा पासपोर्ट दोन्ही हातांत धरून पुढचं पान पाहिलं, मग मागचं, मग पुन्हा पुढचं. “फोटूच्या बाजूले?”

“अगदी बाजूला.”

“माहं माहेर अजून कोरडं हाये,” अनुसयाबाई ताटं मांडत म्हणाली. “माहं काहीबी लिवा. जेवाले बसा आता.”

जेवण झाल्यावर मी कंपनीला फोन लावला. तिथला माणूस सौजन्यानं बोलला, पण सोमवार म्हणजे सोमवार. नवे अर्ज, पुन्हा पडताळणी, इतका वेळ तिकिटं धरून ठेवता येणार नाहीत. “आता मग एकदम जानेवारीअखेर, मॅडम. तुमचे वीसच्या वीस टिकत असतील तर सांगा.” दिवाळीनंतरची तारीख सगळ्यांना सांगून झाली होती. ती मोडली की एकेक जण हातावर तुरी देणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“विमलताई, आता सोळा जणांना कोणत्या तोंडानं सांगू?”

विमलताई गालातल्या गालात हसत होत्या. “सकाळी तेच तं सांगून राहिली होती. दिवाळीनंतर कोनी येते का, मॅडम? भारी धान कापाचा रायते. अन् मंडई?”

मंडई (दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी वेगवेगळ्या दिवशी भरणारी जत्रा, लेकी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरतात, गावात नाटक किंवा दंडार हा लोकनाट्याचा खेळ होतो) मला ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? माझा जन्म इथला. पण तारीख ठरवताना मी कंबोडियातला पाऊस पाहिला, थायलंडचा उन्हाळा पाहिला, श्रीलंकेतली गर्दी पाहिली. फक्त आपल्या बांध्या पाहिल्या नाहीत, त्याही सकाळभर खिडकीबाहेर पळत असताना.

भाऊ-भावजयही वीसांत होते. मी पवनीला भावाला फोन लावला आणि चाचरत तारीख पुढे गेल्याचं सांगितलं.

“बरं झालं, ताई!” तो इतक्या जोरात ओरडला की अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. “मंडई सोडून मी काही येत नव्हतो. तुझ्या भावजयीनं तर तुले सांगाले बिमारीचं कारन शोधून ठेवलं होतं.”

आणखी पाच-सहा फोन केले. प्रत्येकाच्या आवाजात तोच सुटकेचा नि:श्वास. एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी तर मुलीच्या लग्नाची बोलणी त्याच आठवड्यात होती. तो पन्नाशीचा माणूस, महिनाभर मला सांगायला घाबरत होता.

“मला आधी का नाही सांगितलंत कुणी?” मी विमलताईंना विचारलं.

“तुमी पुसलं कुठं, मॅडम? तुमी तं तारीख सांगितली.”

पिंपळडोहचे अर्ज फसले नसते तर माझी वीस माणसांची सहल ऐन वेळी पाच-सहा जणांवर आली असती, आणि त्या सगळ्यांवर मी जन्मभर रुसले असते. मी अंगणात बसून पोटभर हसले. गोमाजीही हसले. कशाला हसतोय हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण मॅडम हसताहेत एवढं त्यांना पुरेसं होतं.

परतीच्या गाडीत ऊन तिरपं झालं होतं आणि त्याच बांध्या उलट्या दिशेनं जात होत्या. या वेळी मी त्या नीट पाहिल्या. कुठला धान आधी कापणीला येणार, कुठला मागून, कुठे पाणी अजून उभं आहे. माणसांना शहर दाखवायला न्यायचं तर आधी त्यांचं घर पाहून यावं लागतं, हे सहल आखताना कुणी सांगत नाही. मी वीस माणसांची नावं जमवली होती, माणसं मला त्या एका दिवसात भेटली. फाइलीतल्या कार्यक्रमात मी एक बदल केला. अनुराधापूरच्या तलावाकाठी अर्धा तास ठेवला होता, तिथं पूर्ण सकाळ लिहिली. गाइडला प्रश्न विचारायचे होते.

पुढचे आठवडे भंडाऱ्याच्या चकरांत गेले. चौघांचे कागद नव्यानं दिले. या वेळी पोलीस योग्य अंगणात आला, चहा पिऊन गेला. मंडया झाल्या, भारी धान घरात आला, चुरणे (मळणी) आटोपले. पौषातल्या एका सकाळी मी सगळ्यांचे पासपोर्ट नागपूरला पाठवायला गोळा करत होते. पिंपळडोहचे चार विमलताई आणणार होत्या. त्यांनी तीनच आणले. चौथा घेऊन गोमाजी स्वतः आले, तीन गाड्या बदलून, धुतलेलं धोतर आणि कोट घालून.

बसायच्या आधी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. “इंग्रजीत हाये. वाचा, मॅडम.”

मी वाचलं. “पिंपळडोह, महाराष्ट्र.”

“अजून एकदा.”

मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. त्यांनी मान हलवली, पण पासपोर्ट काही हातातून सोडला नाही.

“हे तिथले सायेब वाचतीन ना?”

“वाचतील. देशात शिरताना हेच पान उघडतात.”

“दरेक देशात?”

“प्रत्येक देशात.”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजे तीनदा,” असं स्वतःशीच म्हणाले आणि मग तो पासपोर्ट माझ्या हातात दिला.